स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यासाठी घरातच गांडूळखताचा टब

भाजी निवडून आणि फळे चिरून झाल्यावर ओट्यावर जी देठे, साली आणि पिकली पाने उरतात, त्यांच्या दर १०० ग्रॅम वजनात साधारण ८० ते ९० ग्रॅम पाणीच असते. शेतातल्या गांडूळखताच्या वाफ्यात हे पाणी जमिनीत मुरते किंवा वाऱ्याने उडून जाते. फ्लॅटमधल्या प्लास्टिकच्या टबात मात्र ते तळाशी साचत राहते. वास येणे, चिलटे होणे, गांडुळे टबाबाहेर पडणे, खताचा चिखल होणे या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेक याच साचलेल्या पाण्यापासून सुरू होतात. त्यामुळे टब कसा बनवावा हे सांगताना या लेखात दोन गोष्टींवर पुन्हा पुन्हा भर दिला आहे. पहिली, खाद्य थोडे द्यावे. आणि दुसरी, प्रत्येक वेळी ओल्या खाद्याच्या जोडीला कोरडा कागद किंवा पाला द्यावा. टबाची रचना थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावते, पण या दोन गोष्टी चुकल्या की निभावत नाही.

सुरुवातीलाच अपेक्षाही नेमकी असावी. येथे वर्णन केलेला साधारण ४५ लिटरचा एक टब पूर्ण वाढीस लागल्यावर दिवसाला १५० ते २०० ग्रॅम निवडक ओला कचरा सहज पचवतो. चार माणसांच्या घरातला सगळा ओला कचरा एका टबात मावत नाही. आमच्या घरी आठवडाभर तराजूवर तोलून पाहिले तेव्हा दिवसाला सरासरी ६०० ग्रॅम ओला कचरा निघत होता आणि त्यातला गांडुळांना चालेल असा भाग जेमतेम ३५० ग्रॅम होता. म्हणून आम्ही एका टबाने सुरुवात केली आणि पहिल्या टबातली गांडुळे वाढल्यावर, पाच महिन्यांनी, दुसरा टब केला. आपणही टब विकत आणण्याआधी आठवडाभर कचरा तोलावा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार घरोघरी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक झाले, त्यामुळे ओल्या कचऱ्याचा डबा आता बहुतेक घरांत आहेच. तोलण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

गांडुळे कोणती घ्यावीत

पावसाळ्यात अंगणात आणि रस्त्याच्या कडेला जी गांडुळे दिसतात, ती या कामाची नव्हेत. ती मातीत खोल बिळे करून राहणारी असून मातीच खातात. टबात ती थोड्याच दिवसांत मरतात. घरातल्या टबाला हवी असतात ती जमिनीच्या वरच्या थरात, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात राहणारी गांडुळे. आपल्याकडे त्यांच्या मुख्यतः तीन जाती वापरात आहेत. आयसेनिया फेटिडा ही तांबूस, अंगावर पिवळसर आडवे पट्टे असलेली आणि बोटाच्या दीडदोन पेरांएवढी जात सर्वांत सोशिक आहे. युड्रिलस युजेनी हे मूळचे आफ्रिकेतले, जाडजूड आणि जांभळट झाक असलेले गांडूळ भराभर खाते, परंतु थंडी त्याला मुळीच मानवत नाही. तिसरे पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे आपल्याच भागातले, सडपातळ आणि निळसर चमक असलेले गांडूळ उष्ण व दमट हवेत उत्तम वाढते. मात्र जरा काही बिघडले, नव्हे, पावसाची सर येण्याआधी हवा बदलली तरी ते टबाबाहेर पडू पाहते. घरातल्या पहिल्या टबासाठी माझा कौल आयसेनिया फेटिडालाच आहे. परदेशात थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हीच जात सोयीची पडेल.

गांडुळे कृषी विज्ञान केंद्रांत, कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत आणि गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्यांकडे ‘गांडूळ कल्चर’ या नावाने मिळतात. विकत घेताना वजन केवळ गांडुळांचे आहे की शेणखतासकट पिशवीचे, हे आधी विचारून घ्यावे. पिशवीचे असेल तर त्यात गांडुळे बरीच कमी असतात. एका टबासाठी ५०० ग्रॅम गांडुळे पुरेशी होतात, २५० ग्रॅमनेही सुरुवात करता येते, फक्त पहिले तीन महिने खाद्य निम्मे द्यावे लागते. खतासकट आणलेली गांडुळे मला अधिक पसंत आहेत, कारण त्या खतात त्यांचे कोष, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या, आणि ओळखीचे जिवाणू दोन्ही असतात.

टब तयार करणे

एकात एक बसणारे दोन सारख्या मापाचे टब घ्यावेत. साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि २५ ते ३० सेंटिमीटर खोल हे माप ओट्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात बसते. खोली यापेक्षा जास्त असून उपयोग नाही, कारण ही गांडुळे वरच्या थरातच वावरतात आणि खालचा भाग हवेअभावी आंबतो. टब अपारदर्शक असावेत; उजेड गांडुळांना सोसत नाही आणि पारदर्शक टबात ती कडेला कधीच येत नाहीत.

वरच्या टबाच्या तळाला ५ ते ६ मिलिमीटर व्यासाची सुमारे २० भोके पाडावीत. त्याच टबाच्या चारही बाजूंना, काठाखाली चार बोटे जागा सोडून, ३ मिलिमीटरच्या भोकांच्या दोन ओळी पाडाव्यात आणि झाकणावरही तशीच ३० ते ४० भोके घ्यावीत. ड्रिल मशीन नसेल तर चिमट्यात धरलेला खिळा गॅसवर तापवूनही भोके पडतात. मात्र वितळणाऱ्या प्लास्टिकचा धूर घातक असल्याने हे काम उघड्या खिडकीपाशी करावे. भोकांची खरखरीत कड पॉलिश पेपरने घासून घ्यावी, कारण गांडुळाची कातडी अतिशय नाजूक असते आणि ते श्वासही त्या ओलसर कातडीतूनच घेते. नंतर तळाच्या आणि बाजूच्या भोकांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवावी. खालच्या टबात विटेचे चार तुकडे ठेवून त्यांवर वरचा टब बसवावा, म्हणजे दोन तळांमध्ये चार बोटांची पोकळी राहते, पाणी खाली झिरपते आणि हवा खालूनही खेळते. वरच्या टबाच्या बाजूची भोके खालच्या टबाच्या काठाच्या वर आली पाहिजेत. ती झाकली जात असतील तर विटा थोड्या उंच घ्याव्यात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्लास्टिकपेक्षा मातीचे रुंद तोंडाचे माठ किंवा मोठी कुंडी अधिक उपयोगी पडते. मातीच्या अंगातून पाणी पाझरून उडत असल्याने आतले तापमान उतरते आणि जास्तीचा ओलावाही आपोआप निघून जातो. माठ फुटण्याची भीती आणि वजन एवढेच त्याचे तोटे आहेत. कुंडीला तळाशी भोक असतेच. माठाला ते पाडून घ्यावे, जाळी लावावी आणि वर सुती कापड बांधावे.

जागा निवडताना सावली, वारा आणि शांतता या तीन गोष्टी पाहाव्यात. दुपारचे ऊन येणारी गॅलरी, गॅसच्या शेगडीशेजारची जागा आणि वॉशिंग मशीनच्या लगतचा कोपरा टाळावा. यंत्राची थरथर रोज बसत राहिली तर गांडुळे अस्वस्थ होऊन वर चढू लागतात.

गांडुळांची गादी

खाद्य आणि गादी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. गादी म्हणजे गांडुळे ज्यात राहतात तो भुसभुशीत, ओलसर थर. तो हळूहळू खाल्लाही जातो, पण त्याचे पहिले काम ओलावा धरणे आणि हवेला वाट देणे हे आहे. वर्तमानपत्राचे १०-१२ कागद उभ्या बाजूने फाडून बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. त्या बाजूने कागद सरळ फाटतो. चकचकीत पुरवण्या आणि प्लास्टिकचा थर असलेले कागद वगळावेत. त्यांच्या जोडीला खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे घ्यावेत. या नालीदार पुठ्ठ्याविषयी मला विशेष आपुलकी आहे. महिनाभराने असा एक तुकडा उचलून अलगद उकलला, तर त्याच्या नळ्यांमध्ये लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, मधासारख्या रंगाचे कोष ओळीने बसलेले दिसतात. हेच गांडुळांचे कोष होत. आयसेनियाच्या एका कोषातून साधारण तीन आठवड्यांनी दोन ते चार पिल्ले बाहेर पडतात. ती पांढरट आणि दोऱ्याएवढी बारीक असतात आणि दीडदोन महिन्यांत त्यांच्या अंगावर प्रौढपणाचा जाड पट्टा दिसू लागतो.

कागदाबरोबर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा मोकळा केलेला नारळाचा काथ्या वापरावा. कोकोपीटच्या विटेत बरेचदा मीठ असते, म्हणून ती भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, पिळून घ्यावी. जवळ रसवंतीगृह असेल तर उसाची चिपाडेही चालतात, फक्त ती तीनचार दिवस उन्हात वाळवून आणि बारीक कापून घ्यावीत. ताज्या चिपाडातला रस आंबून टब गरम होतो. सुकलेला पाला मिळाला तर तोही मिसळावा.

या सगळ्यात १ किलो जुने शेणखत घालावे. शेण १५-२० दिवसांपेक्षा ताजे असू नये. ताजे शेण कुजताना तापते आणि त्या उष्णतेत गांडुळे जगत नाहीत. शेण मिळाले नाही तर कुंडीतली जुनी माती आणि थोडे तयार गांडूळखत घालून काम भागते. दोन मुठी साधी माती मात्र प्रत्येक टबात हवीच. गांडुळाला दात नसतात. त्याच्या शरीरात पेषणी नावाचा एक स्नायुमय भाग असतो आणि त्यात मातीचे बारीक खडे जात्यासारखे काम करून खाद्य दळतात.

कागद व पुठ्ठा दहा मिनिटे पाण्यात भिजवून पिळावेत आणि सगळे साहित्य हाताने मोकळे करत एकत्र कालवावे. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी घेऊन घट्ट आवळली असता बोटांच्या फटीतून पाण्याचे एखाददोन थेंब यावेत. धार लागली तर कोरडा कागद घालावा. एकही थेंब आला नाही तर पाणी शिंपडावे. अशी गादी टबात १५ ते २० सेंटिमीटर उंच, न दाबता पसरावी आणि गांडुळे आणण्याआधी पाचसहा दिवस तशीच राहू द्यावी. रोज एकदा मध्यभागी हात घालून पाहावे. गरम लागत असेल तर अजून थांबावे.

गांडुळे सोडण्याचा दिवस

आणलेली गांडुळे, त्यांच्या खतासकट, संध्याकाळी गादीवर एकाच ठिकाणी हलकेच ओतावीत आणि वर काही न झाकता खोलीतला दिवा चालू ठेवावा. उजेड नकोसा वाटून ती अर्ध्यापाऊण तासात स्वतःच गादीत शिरतात. तासाभरानंतरही वर निपचित पडून राहिलेली गांडुळे उचलून काढावीत. त्यानंतर वर कोरड्या कागदाचा दोन बोटे जाडीचा थर द्यावा आणि झाकण लावावे. पहिल्या दोन रात्री काही गांडुळे भिंतीवर चढतात; नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत हे होतच असते. त्या दोन रात्री झाकण किंचित सरकवून टबावर मंद दिवा ठेवला की ती खाली राहतात. तिसऱ्या रात्रीनंतरही ती झुंडीने वर येत असतील तर मात्र गादीत दोष आहे असे समजावे. ती बहुधा फार ओली, गरम किंवा आंबट झालेली असते.

पहिले तीन दिवस काहीही खायला देऊ नये. मग ५० ग्रॅम खाद्याने सुरुवात करावी आणि ते जवळजवळ दिसेनासे झाल्यावरच पुढचे द्यावे.

काय द्यावे, किती द्यावे, कसे द्यावे

गांडूळ ताजी साल चावून खात नाही. आधी बुरशी आणि जिवाणू ती साल मऊ करतात, मग गांडूळ ते मऊ झालेले अन्न त्या जिवाणूंसकट ओढून घेते. म्हणून आज दिलेले उद्या दिसेनासे होईल ही अपेक्षा चुकीची आहे आणि ‘खात नाहीत’ असे समजून आणखी दोन मुठी वर टाकणे त्याहून घातक आहे. पूर्ण वसलेल्या टबात गांडुळे दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खातात, परंतु हे प्रमाण उत्तम परिस्थितीतले आहे. ५०० ग्रॅम गांडुळांना पहिले दोन महिने दिवसाला १०० ग्रॅमच्या हिशेबानेच द्यावे.

पालेभाज्यांची देठे, कोबी-फ्लॉवरची पाने, दुधी, दोडका, काकडी, भोपळा, गाजर यांच्या साली, केळ्याच्या साली, पपईची साल, मक्याच्या कणसाची पाने आणि चहाचा चोथा या सर्व गोष्टी चालतात. चोथ्यातली साखर आणि दूध एकदा पाण्याखाली धुऊन काढावे, नाहीतर मुंग्या लागतात. निर्माल्यही चालते, मात्र हारातला दोरा, प्लास्टिकची जरी आणि हळद-कुंकू, अष्टगंध लागलेली फुले आधी वेगळी काढावीत. झेंडू पाकळ्या मोकळ्या करून घातला तर लवकर कुजतो. बाजारातल्या भाजीवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो, म्हणून भाजी निवडण्याआधी धुवावी, म्हणजे देठेही धुतली जातात.

मांस, मासे, हाडे, दूध, दही, तूप, तेलाची भाजी, लोणचे, फोडणीचे काहीही आणि मिठाचे काहीही देऊ नये. लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या साली आणि हिरव्या मिरच्यांची देठे टाळावीत. कांदा-लसणाची ओली पाती थोडी चालते, त्यांची कोरडी टरफले मात्र महिनोन्‌महिने तशीच राहतात. शिळा भात, पोळी आणि पीठ यांबाबत सावध राहावे. हे पदार्थ भराभर आंबतात आणि गादी आम्लधर्मी होते. अशा टबात गांडुळांचे अंग जागोजागी फुगून आवळलेल्या मण्यांच्या माळेसारखे दिसू लागते आणि ती मरतात. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या, शेवग्याच्या शेंगांचा चोथा हे हानिकारक नाही, पण कुजायला इतका वेळ लागतो की ते टबात नुसती जागा अडवते.

रोज थोडे थोडे टाकण्यापेक्षा दर तीन दिवसांनी देणे मला योग्य वाटते. देठे आणि साली विळीवर किंवा सुरीने बोटाच्या पेराएवढ्या चिराव्यात आणि झाकणाच्या डब्यात दोन दिवस साठवाव्यात. तेवढ्यात त्या मऊ पडायला लागतात आणि डब्याच्या तळाशी सुटलेले पाणी ओतून देता येते. मिक्सरमधून लगदा करू नये, लगदा हवा कोंडतो. फळांच्या साली एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून, नेहमीच्या तापमानाला आल्यावर दिल्या तर त्यांवरची चिलटांची अंडी मरतात आणि सालीही लवकर विरघळतात.

टबाचे मनात पाच भाग करावेत, चार कोपरे आणि एक मध्य. एका कोपऱ्यात गादी बाजूला सारून चार बोटे खोल खड्डा करावा, खाद्य पसरावे, गादीने झाकावे आणि वर मूठभर कोरड्या कागदाच्या पट्ट्या टाकाव्यात. पुढच्या वेळी पुढचा कोपरा. अशा रीतीने पहिल्या कोपऱ्याची पाळी दोन आठवड्यांनी येते. त्या वेळी तो उघडून पाहावा. आधीचे खाद्य ओळखू येण्याजोगे शिल्लक असेल तर त्या दिवशी काहीही देऊ नये. आकारमानाने जेवढे खाद्य निदान तेवढा कोरडा कागद, हे प्रमाण मी कधी मोडत नाही. महिन्यातून दोनदा अंड्यांच्या वाळलेल्या टरफलांची चमचाभर पूड भुरभुरावी. तिने आंबटपणा कमी होतो आणि पेषणीला खडेही मिळतात. अंडी आणत नसल्यास रांगोळीचे शिरगोळे कुटून केलेली साधी पांढरी भुकटी किंवा शिंपल्यांची पूड घ्यावी. खायचा चुना मात्र घालू नये, त्याने गांडुळांची कातडी भाजते.

वरून पाणी घालण्याची गरज प्लास्टिकच्या टबात क्वचितच पडते. पडलीच तर नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून, फवारणीच्या बाटलीने मारावे.

ऋतूंप्रमाणे बदल

आयसेनियाला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते. ३० अंशांच्या पुढे ती मंदावतात आणि गादीचे तापमान ३५ अंशांवर गेले तर मरू लागतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ३८ ते ४० अंश असताना टब घरातल्या सर्वांत थंड फरशीवर, बहुधा न्हाणीघराबाहेरच्या कोपऱ्यात, हलवावा. झाकण काढून ओले गोणपाट पांघरावे आणि ते दिवसातून दोनदा भिजवावे. फारच तापले तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून ती गादीवर एका बाजूला ठेवावी. याच दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावे, कारण कुजताना खाद्यही उष्णता सोडते. एका मे महिन्यात आमरसाच्या बेतानंतर मी पंधरा आंब्यांच्या साली एकाच रात्री टबात घातल्या होत्या. सकाळी झाकण उचलले तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचे घोस लटकत होते आणि गादीत हात घातला तर ती तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी ऊन लागली. साली काढून, गादी परातीत पसरून वाऱ्यावर ठेवली म्हणून निम्मी गांडुळे वाचली. उरलेली गेली याचे वाईट अजूनही वाटते. आता आंब्याच्या दिवसांत दोन आंब्यांच्या साली टबात जातात आणि बाकीच्या सोसायटीच्या खतखड्ड्यात.

पावसाळ्यात हवाच ओली असल्याने टबातले पाणी उडत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कागदाचे प्रमाण दुप्पट करावे आणि खालच्या टबातले पाणी आठवड्यातून दोनदा काढावे. कोरडा कागद आणि पुठ्ठा पावसाळ्याआधीच साठवून ठेवावा. थंडीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा, गॅलरीतला टब घरात घ्यावा. मटारच्या शेंगांची टरफले याच दिवसांत ढिगाने निघतात. ती थोडी थोडी द्यावीत, तीही आंब्याप्रमाणेच तापतात.

बिघाड ओळखणे

नीट चाललेल्या टबाला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास असतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा नाही आणि पाणी साचले आहे असे समजावे. गादी हाताने उकरून मोकळी करावी, कोरडा पुठ्ठा मिसळावा, तळाची भोके बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत आणि दहा दिवस खाद्य बंद ठेवावे. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर हिरवा पाला किंवा शेण जास्त झालेले असते. त्यावरही कागद हाच उपाय आहे. आंबूस वास आल्यास फळे किंवा धान्य जास्त गेलेले असते. ते काढून अंड्याच्या टरफलांची पूड घालावी.

चिलटे झाली तर उघडे राहिलेले खाद्य शोधून पुरावे आणि वरचा कोरडा थर चार बोटे जाड करावा. एका वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ती टबाशेजारी ठेवली की उडणारी चिलटे तिच्यात पडतात. अंडी मात्र टबातच असतात, त्यामुळे पंधरा दिवस फळांच्या साली बंद ठेवाव्या लागतात. मुंग्या येणे हे गादी कोरडी पडल्याचे लक्षण आहे. टब चार पायांच्या स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. पांढरे, केसासारखे बारीक किडे आणि टाचणीच्या टोकाएवढे पांढरट कोळीवर्गीय जीव दिसले तर घाबरू नये. तेही कुजवण्याच्याच कामात असतात. करड्या रंगाच्या, चपट्या, जाडसर आणि वळवळणाऱ्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या खाद्य फार वेगाने संपवतात आणि गांडुळांना इजा करत नाहीत, पण गांडुळांच्या वाट्याचे खाऊन टाकतात, म्हणून चिमट्याने काढून कुंडीच्या मातीत टाकाव्यात.

घरात झुरळांसाठी फवारणी करणार असाल तर टब दोन दिवस शेजाऱ्यांकडे ठेवावा. टबाजवळ फिनेलने फरशी पुसू नये. गावाला जाताना फार चिंता नको. निघण्याच्या दिवशी नेहमीएवढेच खाद्य आणि वर भरपूर ओलसर पुठ्ठा घातला, तर गांडुळे तीन आठवडे गादी खाऊन निवांत राहतात. जाताना भरपूर खाऊ ठेवून जाणे ही मोठी चूक आहे, कारण बिघडले तर सावरायला घरी कोणी नसते.

खत काढणे

अडीच ते तीन महिन्यांनी गादीतले कागद ओळखू येईनासे होतात आणि टबात काळसर, चहाच्या भुकटीसारखे रवाळ खत दिसू लागते. तेव्हा दहा दिवस खाद्य थांबवावे. मग सगळे खत टबाच्या एका अर्ध्या भागात सारून रिकाम्या अर्ध्यात नवी गादी भरावी आणि इथून पुढे खाद्य फक्त नव्या बाजूला द्यावे. तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळे तिकडे स्थलांतर करतात आणि जुन्या बाजूचे खत जवळजवळ मोकळे मिळते. ज्यांना घाई आहे त्यांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर खताचे शंकूच्या आकाराचे लहान ढीग करावेत आणि वर दिवा धरावा. उजेडापासून पळत गांडुळे खाली जातात. दर दहा मिनिटांनी ढिगाचा वरचा थर हलक्या हाताने काढत गेले की शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो आणि तो लगेच नव्या गादीत ठेवावा. या कामात पिल्ले आणि कोष खताबरोबर जातात, म्हणून काढलेले खत आठवडाभर दुसऱ्या डब्यात ठेवून मधोमध केळ्याची एक साल पुरावी. तिच्याभोवती जमलेली पिल्ले उचलून परत टबात सोडता येतात. खत कडक उन्हात वाळवू नये. सावलीत, हाताला ओलसर लागेल इतकेच सुकवून आणि चाळून, हवा जाईल अशा पिशवीत ठेवावे.

खालच्या टबात जमणाऱ्या तपकिरी पाण्याला सर्रास ‘व्हर्मीवॉश’ म्हटले जाते. वास्तविक ते टबातून झिरपलेले पाणी असून त्यात अर्धवट कुजलेल्या खाद्याचा रस असू शकतो. त्याला घाण वास येत असेल तर ते झाडांना घालू नये. वास नसेल तर एक भाग पाण्यात दहा भाग साधे पाणी मिसळून फुलझाडांच्या मातीत द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-पुदिन्याच्या पानांवर मात्र ते फवारू नये. व्यवस्थित चालणाऱ्या टबात हे पाणी फारसे जमतच नाही, आणि जमत नाही म्हणून चिंता करण्याचे कारण नाही.

तयार खत नुसतेच कुंडीत भरू नये. नवी कुंडी भरताना पाच भाग मातीच्या मिश्रणात एक भाग गांडूळखत पुरते. लावलेल्या कुंडीत महिन्यातून एकदा, तुळशीसारख्या झाडाला एक मूठ आणि मिरची-टोमॅटोला दोन मुठी, खोडापासून चार बोटे दूर, मातीचा वरचा थर खुरप्याने हलवून मिसळावे आणि पाणी द्यावे. महिन्याभरात त्या कुंडीत आपण न लावलेली टोमॅटोची किंवा पपईची रोपे उगवली तर ती खतातून आलेल्या बियांची असतात. गांडुळांच्या टबात उष्णता कमी असल्याने बिया मरत नाहीत. ती चार पानांची झाली की उपटून पुन्हा टबात टाकावीत, किंवा एखादे रोप जोमदार दिसले तर वेगळ्या कुंडीत लावून पाहावे.